मारक पेशींनी रुंद केलेले पाट

गोव्यात सावईवेऱ्याला आमच्या आतेच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींना पाटाचे पाणी. पाट अरुंद झाला की पाणी जोरात धावते आणि मुळांजवळची माती धुऊन नेते, म्हणून पावसाळा संपला की आते पाट रुंद करून घेते. तिच्या सुनेला नुकताच चौथा महिना लागला आहे. "गरोदरपणी अंगातली प्रतिकारशक्ती झोपते, म्हणून तर बाळ राहते," असे आते परवा तिला सांगत होती. हा समज फार जणांचा आहे आणि तो चुकीचा आहे.

प्रश्न मात्र खरा आहे. बाळाची निम्मी जनुके वडिलांची, म्हणजे आईच्या शरीराला निम्मे परके. परके मूत्रपिंड बसवले तर शरीर ते नाकारू पाहते; मग बाळ नऊ महिने कसे राहते? ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये हा प्रश्न मांडला. आईची प्रतिकारशक्ती थंडावत असावी, हे त्यांनी सुचवलेल्या उत्तरांपैकी एक होते.

पण गर्भाशयाच्या अस्तरात पाहिले तर उलटेच दिसते. पहिल्या तीन महिन्यांत तिथल्या प्रतिकार पेशींपैकी सुमारे ७० टक्के एकाच जातीच्या असतात आणि त्यांचे नाव आहे नैसर्गिक मारक पेशी! रक्तातल्या त्यांच्या बहिणी विषाणूग्रस्त पेशी मारतात. या मात्र गर्भाशयात राहून वेगळेच काम शिकलेल्या असतात.

अस्तरातल्या रक्तवाहिन्या मुळात बारीक, नागमोडी, जाड स्नायूंच्या. मारक पेशी त्यांच्या भिंती सैल करायला सुरुवात करतात; पुढे वारेतून (प्लॅसेंटातून) आलेल्या बाळाच्या पेशी ते काम तडीस नेतात. वाहिन्यांची तोंडे रुंद होतात, रक्त संथ आणि भरपूर येते. संथ हे महत्त्वाचे, कारण जोराच्या धारेने वारेच्या नाजूक फांद्या दुखावतात. हे रुंदीकरण अपुरे राहिले तर बाळाची वाढ खुंटू शकते आणि आईला प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो: रक्तदाब वाढतो, बहुधा लघवीतून प्रथिने जातात.

वारेच्या या पेशींवर वडिलांकडून आलेल्या खुणाही असतात. मारक पेशी त्या चक्क वाचतात. काही जोड्यांमध्ये त्या खुणांमुळे मारक पेशी जास्तच आवरल्या जातात, आणि अशा गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका वाढलेला आढळला आहे. म्हणजे बाळासाठी या पेशी जाग्या असणेच बरे.

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट २०२० मध्ये समोर आली. लिस्टेरिया हा जिवाणू वारेच्या पेशीत शिरून लपतो. प्रयोगशाळेत दिसले की मारक पेशी अतिसूक्ष्म नळ्यांतून जिवाणूनाशक प्रथिन त्या पेशीत सोडते. जिवाणू मरतो, वारेची पेशी जगते.

गर्भपात झालेल्या काही स्त्रियांना रक्तातल्या मारक पेशी मोजायला सांगतात. रक्तातला आकडा गर्भाशयातल्या पेशींबद्दल काही सांगत नाही. त्या दुःखात अशा तपासणीवर पैसे घालू नयेत, असे मला मनापासून वाटते.

सुनेची पुढच्या आठवड्यात डॉप्लर सोनोग्राफी आहे. गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्ताला किती अडथळा होतो, ते तीत कळते. धोका जास्त वाटला तर डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात, शक्यतो सोळाव्या आठवड्याआधी. हे ऐकून आतेने विचारले, "म्हणजे पाट रुंद झाला की नाही, ते बघायचे मशीन?"

होय आते, तेच.