कळंबच्या अलीकडे बंद पडणारी फियाट

सध्या मोबाईलवर एक यादी फिरते आहे. जुनी गाडी घेऊन लांब जाताना सोबत ठेवायच्या पंचवीस वस्तू. ओढायच्या दोरापासून लिंबू-मिरचीपर्यंत सगळं आहे तिच्यात. इंजिनच्या ठिणगीसाठी लागणारी छोटी डबी, कंडेन्सर, तेवढी नाही. म्हणून हा लेख.

आमच्या घरी जुनी पद्मिनी आहे, तिला अजून सगळे फियाटच म्हणतात. एका मे महिन्यात वर्धेहून यवतमाळला निघालो होतो. देवळी मागे पडली, कळंब यायचं होतं, तेवढ्यात गाडीनं दोन-तीन आचके दिले आणि एका कडुनिंबाजवळ थांबली. शेळ्या राखणारे एक आजोबा आले.

"काऊन भाऊ, बंद पडली का?"

"हो ना."

"अथी पडतेच. मांगं एक जीप पडली होती. नारळ फोडा, होते मंग सुरू."

मामा सोबत होते. कळंबच्या चिंतामणीसाठी घेतलेला नारळ त्यांनी तिथंच फोडला. खोबरं वाटून झालं, पाणी पिऊन झालं, तासाभरानं चावी फिरवली तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू! मामा माझ्याकडे पाहून एक शब्द बोलले नाहीत. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे फार लागतं.

कळंब सोडून दहा-बारा किलोमीटरवर गाडी पुन्हा थांबली. तिथं झाड नव्हतं, आजोबा नव्हते, नारळही उरला नव्हता. पुन्हा तासभर बसलो आणि ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे दोन्ही ठिकाणी समान काय होतं? थांबणं. गार होणं.

आता थोडं शाळेत जाऊ. पेट्रोल इंजिनला ठिणगी लागते. प्लगच्या फटीत, तेही दाबलेल्या हवेत, ती पाडायची तर दहा-वीस हजार व्होल्ट हवेत, आणि बॅटरी आहे 12 व्होल्टची. हे अंतर कापते कॉईल. एकाच लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे काहीशे वेढे आणि बारीक तारेचे त्याच्या सुमारे शंभरपट. जाड तारेतून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो, चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तो प्रवाह एकदम तोडला की क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत विजेचा दाब उसळतो. फॅराडेनं 1831 मध्ये दाखवलेलं प्रवर्तन ते हेच. क्षेत्र जितक्या झपाट्यानं बदलेल तितका दाब जास्त.

प्रवाह तोडायचं काम पॉइंटचं, म्हणजे सतत उघडमीट करणाऱ्या एका छोट्या स्विचचं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 100 ठिणग्या लागतात, म्हणजे पॉइंट सेकंदाला 100 वेळा उघडतो आणि मिटतो. आपले मिस्त्री ज्या डब्यात हा पॉइंट बसतो त्याला डेल्को म्हणतात. हा शब्द आला चार्ल्स केटरिंग यांच्या कंपनीवरून: डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, 1909. ओहायोतल्या त्या नावाची आद्याक्षरं विदर्भातल्या गॅरेजात अजून रोज उच्चारली जातात, याची मला उगाच मजा वाटते.

पण खरी गंमत पुढे आहे. पॉइंट उघडू लागतो तेव्हा सुरुवातीला फट केसाएवढीसुद्धा नसते. कॉईलमधला प्रवाह थांबायला तयार नसतो, तो फटीतूनच ठिणगी होऊन उडी मारतो. म्हणजे ठिणगी पडली, पण प्लगमध्ये नाही, पॉइंटवर. प्रवाह तुटला नाही, नुसता रेंगाळला; क्षेत्र सावकाश ओसरलं आणि प्लगला काही मिळालं नाही. इथं कंडेन्सर लागतो. करंगळीच्या पेराएवढी पत्र्याची डबी, आत ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख आणि कागद गुंडाळलेला, वीज साठवायची क्षमता, म्हणजे धारिता, साधारण 0.2 ते 0.25 मायक्रोफॅरड. तो पॉइंटला समांतर जोडलेला असतो. पॉइंट उघडला की प्रवाहाला आधी या डबीत शिरणं सोपं जातं. ती भरेपर्यंत फट पुरेशी रुंदावते, मग उडी मारता येत नाही आणि प्रवाह खऱ्या अर्थानं तुटतो. जाड तारेच्या बाजूलाच त्या क्षणी दोन-तीनशे व्होल्ट होतात, त्याचे शंभरपट पलीकडे. शिवाय भरलेली डबी कॉईलमध्ये उलट रिकामी होते, मग प्रवाह झोक्यासारखा मागेपुढे हेलकावतो. या झोक्याचा वेग कॉईलचं प्रवर्तकत्व (प्रवाहातल्या बदलाला अडवण्याचा तिचा गुण) आणि डबीची धारिता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतो. डबी मोठी तर झोका संथ आणि दाब कमी. म्हणूनच पंख्याचा 2.5 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर इथं लावून चालत नाही. तो दहापट मोठा आहे. (हा प्रयोग मी केला आहे. शेजारी आठवण करून देत असतात.)

तर हा कागदी गुंडाळा डेल्कोला चिकटून, तापलेल्या इंजिनाशेजारी बसलेला असतो. बाहेर 45 अंश, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. जुना झालेला कागद तापला की त्यातून वीज झिरपते, गार झाला की पुन्हा धरतो. गाडी थांबल्यावर पंखा आणि वारा दोन्ही बंद, म्हणून पहिली काही मिनिटं बॉनेटखालचं तापमान उलट चढतं. मग उतरायला तासभर. नारळ आणणं, फोडणं, वाटणं, खाणं यालाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

मग सोबत काय न्यावं? माझा हिशोब साधा आहे: गावात जे मिळतं ते नेऊ नका. विदर्भाच्या कोणत्याही रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा सापडतो. त्याच्याकडे पाने, नळीच्या क्लिपा, वेल्डिंग, प्रसंगी चालून जाईल असा पट्टाही असतो. पंक्चरवाला तर आहेच. पण ट्रॅक्टर डिझेलवर चालतो आणि डिझेल नुसत्या दाबाच्या उष्णतेनं पेटतं. ठिणगी नाही, म्हणून पॉइंट नाही, कंडेन्सर नाही, प्लग नाही. आजच्या मोटारसायकलींमध्येही पॉइंट उरला नाही. म्हणून ठिणगीचं सगळं घरून: पॉइंट, कंडेन्सर, रोटर (डेल्कोत फिरून प्लगांना वीज वाटणारा तुकडा), डेल्कोचं झाकण, एक प्लग, जमलं तर कॉईल. कंडेन्सर कोरा नेऊ नका. नवा गाडीत बसवून महिनाभर चालवा आणि काढलेला, पण चांगला चालणारा, डब्यात ठेवा. कोऱ्या मालाची खात्री हल्ली देता येत नाही. पॉइंटची फट साधारण 0.4 मिलिमीटर, गेज नसेल तर जाड व्हिजिटिंग कार्ड घाला. पेचकस, पक्कड, पॉलिश पेपरचा तुकडा, आणि 12 व्होल्टचा बल्ब दोन वायरींना जोडून केलेला टेस्ट लॅम्प.

फॅन बेल्ट मात्र आपल्या मापाचाच न्या. या गाड्यांत पाण्याचा पंप त्याच्यावरच फिरतो.

गरम झाल्यावर बंद पडण्याचं दुसरं कारण पेट्रोलची वाफ. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि इंजिनवर बसवलेला पेट्रोलचा पंप वाफ ओढू शकत नाही. प्लग काढून, वायर लावून इंजिनच्या धातूला टेकवा आणि स्टार्टर फिरवा. काढलेल्या प्लगच्या भोकापासून तो लांब धरा, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग नकोच. निळी ठिणगी दिसली तर दोष पेट्रोलचा, नाही दिसली तर विजेचा. पंपावर ओलं फडकं टाकणं ही अंधश्रद्धा नाही. आपला वाळ्याचा कूलर चालतो तसंच ते चालतं, कारण मे महिन्यात इथली हवा कोरडी असते. मुंबईच्या दमटात एवढा उपयोग होत नाही. पेट्रोलच्या नळीला चुंबक लावून मायलेज वाढवणारे मात्र लिंबू-मिरचीच्या रांगेत बसवावेत. लिंबू निदान स्वस्त पडतं.

पाणी दहा लिटर. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, आत दाबाखाली शंभराच्या वर गेलेलं पाणी असू शकतं. पाच लिटर गाडीला, पाच माणसांना; मामा सोबत असतील तर सहा.