वेग भरपूर, तरी आवाज का तुटतो?

घरून काम करणाऱ्याचा मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला की सल्ला ठरलेला असतो: प्लॅन वाढवा, शंभरचा तीनशे करा. प्लॅन वाढतो, बिल वाढते, स्पीड टेस्टचा काटा ऐटीत उजवीकडे झुकतो आणि दुसऱ्या दिवशी पलीकडून पुन्हा तेच ऐकू येते, "तुमचा आवाज येत नाहीये." यात खोटे कोणीच बोलत नसते. स्पीड टेस्ट एक गोष्ट मोजते आणि संभाषणाला भलतीच गोष्ट लागते.

आधी आकडे पाहू. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला जाताना आणि येताना प्रत्येकी साधारण ३ ते ४ एमबीपीएस (सेकंदाला तितके दशलक्ष बिट) लागतात. नुसत्या आवाजाला ०.१ एमबीपीएससुद्धा पुरते. (हे बिट आहेत, बाइट नव्हेत. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट उतरते. "कंपनी आठपट फसवते" ही तक्रार बहुतेक वेळा इथेच जन्माला येते.) म्हणजे घरात दोघे एकाच वेळी कॉलवर असले तरी प्रत्येक दिशेला दहा पुरेत. मग शंभरावर आवाज का तुटावा?

बहुतेक वेळा विलंबामुळे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार आवाज एका टोकाकडून दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला, तर बोलणे स्वाभाविक वाटते. त्यापुढे दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात. अंतराला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. हजार किलोमीटर जाऊन परत यायला त्याला १० मिलिसेकंद लागतात. तरीही कधी कधी विलंब ५००-८०० मिलिसेकंदांवर जातो. हा वेळ जातो कुठे? अनेकदा तुमच्याच टेबलावरच्या डबीत, रांगेत उभे राहण्यात.

आता ही रांग जरा जवळून बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. समजा अपलोडचा वेग १० एमबीपीएस आहे. माहिती पॅकेट नावाच्या तुकड्यांत जाते. साधारण मोठे पॅकेट १५०० बाइटचे, म्हणजे १२ हजार बिटांचे. ते तारेवर चढवायला १.२ मिलिसेकंद लागतात. लॅपटॉप मात्र राउटरकडे पॅकेट याच्या कितीतरी पट वेगाने ढकलतो. नरसाळ्यात बादलीने पाणी ओतावे तसा प्रकार. जादा पॅकेट राउटरच्या किंवा मोडेमच्या स्मृतीत थांबतात. ही स्मृती १ मेगाबाइटची असेल आणि काठोकाठ भरली असेल, तर शेवटच्या पॅकेटला ८० लाख बिटांच्या मागे उभे राहावे लागते, म्हणजे ०.८ सेकंद. तुमच्या आवाजाचे चिमुकले पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी निघते आणि क्लाउडवर चढणाऱ्या फोटोंच्या मागे जाऊन उभे राहते.

पण पाठवणाऱ्याला रांग दिसत कशी नाही? रस्ता किती रुंद आहे हे सांगणारे कोणी नसते, म्हणून टीसीपी (पॅकेट पाठवण्याचे आणि पोचवण्याचे नियम) चाचपडत वेग वाढवत नेते. पॅकेट हरवले की त्याला कळते, रस्ता भरला. मग ते हात आखडते. ही शिस्त अनुभवातून आली आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जवळच्याच कॅलिफोर्निया विद्यापीठातली वाहतूक सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरली होती. त्यानंतर संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये गर्दी आवरण्याच्या पद्धती मांडल्या. म्हणजे पॅकेट गळणे हा दोष नाही, तो निरोप आहे. पुढे स्मृती स्वस्त झाली. एकही पॅकेट गळू नये म्हणून उत्पादकांनी बफर (पॅकेट थांबण्याची ही स्मृती) मोठमोठे केले आणि निरोप पोचायला उशीर होऊ लागला. रांग सेकंदभर लांब होईपर्यंत टीसीपीला वाटत राहते, सगळे आलबेल आहे. २०१०च्या सुमारास संगणक अभियंता जिम गेटिस यांनी हा आजार चव्हाट्यावर आणला. त्याला 'बफरब्लोट' म्हणतात, मराठीत 'फुगलेला बफर' म्हणू.

यात डाउनलोडही भरडले जाते. आलेल्या मालाची पोच परत पाठवावी लागते आणि ती पोचही अपलोडच्याच रांगेत अडकते. म्हणून फोटो वर चढत असताना खाली येणारे पानही रेंगाळते.

तपासणी सोपी आहे. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा. वायफायवर केलेली चाचणी वायफायची असते, लाइनची नव्हे. सतत चालू असणाऱ्या एखाद्या सर्व्हरला पिंग (छोटे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) सुरू ठेवा आणि अर्धा मिनिट आकडे बघा. समजा १२ ते १५ मिलिसेकंद येतात. आता पिंग चालू असतानाच दोनेक गिगाबाइटची फाइल क्लाउडवर चढवा. आकडा ४०च्या आत राहिला तर लाइन उत्तम, शंभरच्या पुढे गेला तर कॉल कुरकुरेल आणि ५०० दिसला तर आजार सापडला. फाइल थांबवताच आकडा मूळपदावर आला, की शंकेला जागा उरत नाही. अशा वेळी तीनशेच्या प्लॅनमध्येही अपलोड तेवढेच राहणार असेल, तर पैसे पाण्यात.

उपाय राउटरमध्ये आहे. 'एसक्यूएम' किंवा स्मार्ट क्यू असा, रांग आवरणारा पर्याय शोधा. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर तो बसवता येतो. तिथे अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के आणि डाउनलोडची ८५ टक्के लिहा. मुद्दाम वेग कमी करायचा? हो, कारण रांग नेहमी सर्वांत चिंचोळ्या जागी लागते. ती जागा मोडेममध्ये असेल तर आपला हात तिथे पोचत नाही. राउटर थोडा सावकाश सोडू लागला की चिंचोळी जागा राउटरमध्ये येते आणि रांगेचा कारभार आपल्या हाती येतो. पुढचे काम 'एफक्यू-कोडेल' या रांग सांभाळणाऱ्या पद्धतीचे (हा मजकूर थोडा चिवट आहे, हवा तर सोडून द्या). ते रांगेची लांबी बघत नाही, प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबले हे बघते. सलग १०० मिलिसेकंदांत सर्वांत कमी थांबलेल्या पॅकेटलाही ५ मिलिसेकंदांहून जास्त खोळंबा झाला, तर रांग क्षणिक नाही, मुक्कामाला आलेली आहे, असे समजून ते एखादे पॅकेट टाकून देते. शिवाय प्रत्येक संभाषणाची रांग वेगळी असते आणि थोडे बोलणाऱ्याला पुढे घेतले जाते, म्हणून फोटोंचे ओझे आवाजाच्या वाटेत येत नाही. एक सावधगिरी: हे सगळे राउटरच्या प्रोसेसरवर पडते. जुना राउटर शंभर एमबीपीएसच्या पुढे धापा टाकतो आणि वेग खरोखरच पडतो.

आता जोडणी कोणती घ्यावी. फायबर मिळत असेल तर फार विचार करू नका. जीपॉन प्रकारात एका तंतूवर सेकंदाला २.४८८ गिगाबिट येताना आणि १.२४४ गिगाबिट जाताना असे ३२ किंवा ६४ घरांत वाटले जाते, म्हणजे अपलोडलाही मोकळी जागा असते. टीव्हीच्या केबलवरून येणाऱ्या इंटरनेटला अपलोडची पट्टी अरुंद असते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर अंतर मारते, कारण उंच कंपनसंख्या आधी विझतात. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर आहे. जाताना वर-खाली आणि उत्तर येताना वर-खाली असे चार वेळा ते अंतर कापायचे म्हणजे ४७७ मिलिसेकंद गेलेच, त्यावर कोणतेही यंत्र उपाय करू शकत नाही. साडेपाचशे किलोमीटरवरचे उपग्रह मात्र कॉलला चालतात.

विक्रेत्याला विचारायचे ते डाउनलोड सोडून सगळे: अपलोड किती, ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती उरतो, बिघाड किती तासांत दुरुस्त होतो, स्वतःचा राउटर लावता येतो का. राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरचा पत्ता (इंटरनेटवरचा आयपी क्रमांक) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर खरा सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. ऑफिसच्या व्हीपीएनमध्ये (ऑफिसच्या जाळ्यात जाण्याची सुरक्षित वाट) शिरायला ते सहसा चालते, पण बाहेरून घरच्या संगणकात शिरायचे असेल तर अडते. व्हीपीएन जोडले जाते, छोटी पाने उघडतात आणि मोठी फाइल मात्र मध्येच गोठते, असे झाले तर पॅकेटचे माप तपासा. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) लाइनवर कमाल माप १५०० नव्हे, १४९२ बाइट असते. त्यात व्हीपीएनचे वेष्टन बसेना म्हणून मोठी पॅकेट गुपचूप हरवतात. व्हीपीएनचे एमटीयू (पॅकेटचे कमाल माप) १४०० करून पाहा.

फायबरच्या डबीवर (ओएनटी) एलओएसचा, म्हणजे प्रकाश पोचत नसल्याचा, लाल दिवा लागला तर आधी पॅच कॉर्ड (डबीला जोडलेली बारीक तार) बघा: कपाटामागे दुमडली गेली आहे का, हिरवा कनेक्टर नीट बसला आहे का. डबीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची शक्ती दिसते. ती उणे २७ डीबीएमजवळ गेली, की लाइन जातयेत राहते. कनेक्टर काढून डोळ्यांसमोर धरू नका, प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही.

राहिले वायफाय. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल जेमतेम तीन (१, ६ आणि ११), त्यात शेजारच्या भिंतींपलीकडले दहा राउटर. कामाच्या टेबलापर्यंत केबल ओढा, नाहीतर ५ गिगाहर्ट्झ वापरा. आणि राउटरवर लावायचे ते 'किरणोत्सर्ग शोषणारे' स्टिकर? या लहरींत रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जाच नसते, त्यामुळे शोषून वाचवायचे काय हा प्रश्नच आहे. स्टिकर खरोखर लहरी अडवू लागला तर बिघडेल ते वायफाय.

दुसरी जोडणी घ्यायची तर माध्यम वेगळे निवडा. दोन कंपन्यांचे फायबर एकाच खांबावरून येत असेल, तर एकाच फांदीने दोन्ही तुटतात. फायबरला जोड मोबाइल डेटाची. राउटर आणि ओएनटी बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यांना छोटा डीसी यूपीएस पुरतो, पण व्होल्टेज आणि पिनचे माप अडॅप्टरवर वाचून घ्या. मग एखाद्या निवांत दुपारी चालू कॉलमध्ये फायबर उपसून बघा. बाहेरचा पत्ता बदलल्यामुळे व्हीपीएन बहुधा तुटेल. ते आपोआप पुन्हा जोडले जाते की पासवर्ड मागत बसते, हे तेव्हाच कळेल.