डीईएचपी नाही, म्हणजे पिशवी आपोआप सुरक्षित?

‘रक्ताच्या पिशवीतलं रसायन रक्तात उतरतं, म्हणून डीईएचपी नसलेली कुठलीही पिशवी चांगलीच’ हा समज अर्धाच खरा. पिशवी ज्या पीव्हीसी प्लास्टिकची असते, ते मुळात कडक असतं. त्याला मऊ करणारं रसायन, म्हणजे डीईएचपी, रक्तात उतरतं, हे नाकारायचं कारण नाही. गंमत अशी की तेच तांबड्या पेशींच्या आवरणात शिरून त्यांना फुटण्यापासून वाचवतं. पोषक द्रावणात, २ ते ६ अंश सेल्सिअसला या पेशी ४२ दिवस टिकतात, त्यात त्याचाही वाटा आहे. ते नुसतं काढून टाकलं तर पेशी जास्त फुटतात. वरचा द्रव लालसर होतो. डीआयएनसीएच, बीटीएचसी ही प्लास्टिक मऊ करणारी पर्यायी रसायनं आहेत, पण काही वेळा सोबतचं द्रावणही बदलावं लागतं. युरोपने रक्तपिशव्यांत डीईएचपी वापरायला २०३० पर्यंत मुदत दिली, ती उगाच नाही. प्लेटलेट्सचं मात्र वेगळं: त्यांना पिशवीतून ऑक्सिजन आत यायला हवा, तिथे डीईएचपीविना प्लास्टिक केव्हाच रुळलंय.