हौसेची टाकी आणि वंशाची टाकी
(एंडलर हा छोटा रंगीत मासा नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

संध्याकाळी वावरातून आल्यावर टाकीसमोर घडीभर बसायला मिळावं, एवढ्यासाठी मासे नेणारे आमचे बरेच ग्राहक आहेत. काही थोडे मात्र एकाच जातीचा शुद्ध वंश जपायला धडपडतात, आणि रंगीत गप्पी पाळणाऱ्यांना पाहून नाक मुरडतात. आमच्या मते तसं करू नये. पोरं टाकीसमोरून हलत नाहीत, हा आनंद खराच आहे. पण हौस म्हणून पाळलेल्या माशाला ‘आम्ही जात वाचवतो’ म्हणायचं असेल, तर नुसती माया पुरत नाही, वही लागते.

एंडलर मूळचा व्हेनेझुएलातल्या कुमाना शहराजवळच्या पाण्यातला. नर जेमतेम इंचभर, पण अंगावर केशरी, काळे, हिरवे ठिपके असे की उन्हात धरला तर नजर हटत नाही. तो १९३७ साली पहिल्यांदा गोळा झाला, १९७५ साली जॉन एंडलर यांना पुन्हा सापडला आणि २००५ साली त्याला वेगळी जात म्हणून शास्त्रीय नाव मिळालं. मूळ जागेतलं पाणी घाणीनं खराब होत गेलं, त्यामुळे जगभरच्या हौशी लोकांच्या टाक्यांतल्या शुद्ध वंशाला मोल आलं.

अडचण एकच. तो गप्प्याशी सहज मिसळतो आणि ती पिल्लंही पुढे वाढतात. आपल्याकडे गप्पी डासांसाठी विहिरी-टाक्यांत सोडले जातात, म्हणून ते गावोगाव आहेत. आमच्याच दुकानात एकदा गप्प्याच्या टाकीतली जाळी न धुता एंडलरच्या टाकीत गेली. जाळीला चिकटून एक बारकं पिल्लू आलं असावं. काही महिन्यांनी गप्प्यासारखे लांब शेपटीचे नर दिसू लागले. मादी एकदा घेतलेलं वीर्य महिनोन्महिने साठवून ठेवते, म्हणून नर काढून उपयोग नव्हता. ती सगळी टाकी आम्ही ‘मिश्र’ म्हणून विकली. जिवावर आलं, पण ‘शुद्ध’ म्हणून विकली असती तर नेणाऱ्यानं वर्षभर फुकट राबून खोटा वंश वाढवला असता.

म्हणून वंश जपायचा तर टाकी वेगळी, जाळी वेगळी, आणि वहीत मासे कुठून आले, कधी आले, कुणाला दिले याची नोंद. आमच्याकडून नेताना या नोंदीची चिठ्ठी मागा. चिठ्ठी नसेल तर त्याला नुसता सुंदर मासा समजा आणि मजेत पाळा.

असं जपणं फुकट जात नाही. मेक्सिकोतल्या तेउचित्लान नदीतला टकीला मासा तिथून नाहीसा झाला होता. १९९८ साली इंग्लंडहून त्याच्या पाच जोड्या तिथल्या विद्यापीठात पोचल्या, आणि त्यांचाच वंश वाढवून मासे पुन्हा नदीत सोडले गेले. तो मासा मात्र आम्ही ठेवत नाही. थंड पाण्याचा जीव, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, वरून लोडशेडिंग. कितीही वाटलं तरी इथं त्याचे हालच होतील.

शेवटचं हौसेवाले आणि वंश जपणारे अशा दोघांसाठी, आणि यात सूट नाही. जास्त झालेला किंवा मोठा झालेला मासा मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात), नाल्यात, बोडीत म्हणजे शेततळ्यात सोडू नका. पुण्य म्हणूनही नाही. काच साफ करायला नेलेला सकर फूटभर वाढतो, विणीसाठी काठाला बिळं पाडतो आणि काट्यांनी जाळी फाडतो. आपल्या तलावांची पाळ मातीची आहे, आणि त्याच तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांची मरळ, टेंगरा, झिंगे यांवर चूल पेटते.

नको झालेले मासे दुकानात आणून द्या. पैसे देऊ शकत नाही, पण घेतो. पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से हवा ठेवा आणि सकाळी दहाच्या आत या, ऊन चढायच्या आधी.