जेट इंजिनात सिरॅमिक कसं आलं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या टूलरूममध्ये टंगस्टन कार्बाइडच्या टूलला धार लावायला हिरवं ग्राइंडिंग व्हील असतं. ते सिलिकॉन कार्बाइडचं. जेट इंजिनाच्या सर्वांत तापणाऱ्या भागात निकेलच्या मिश्रधातूची जागा घेऊ लागलेलं सिरॅमिकही तेच.

उष्णता सोसणं ही सिरॅमिकची अडचण कधीच नव्हती. खानापूरच्या कुंभारालाही ठाऊक असतं, भीती असते ती तड्याची. बारीकसा तडा गेला की भांडं गेलंच. टर्बाइनमध्ये हे परवडणारं नव्हतं. म्हणून इंजिनवाले धातूलाच धरून राहिले आणि तो वितळू नये म्हणून कॉम्प्रेसरची हवा त्यातून खेळवत राहिले. ती हवा फुकट मिळत नाही. तेवढी कार्यक्षमता घटते.

1975 च्या सुमारास जपानच्या तोहोकू विद्यापीठात सेइशी याजिमा यांनी सिलिकॉनयुक्त पॉलिमरचे तंतू ओढले आणि ते भाजून सिलिकॉन कार्बाइडचा केसाहून बारीक धागा तयार केला. पुढे निप्पॉन कार्बनने तो ‘निकॅलॉन’ नावाने बाजारात आणला. पण खरी करामत धाग्यावरच्या लेपाची. बोरॉन नायट्राइडचा हा थर मुद्दाम कमकुवत ठेवतात. तडा धाग्यापाशी पोचला की धागा तोडण्याऐवजी लेपातून वळतो, धागा जरासा सरकतो आणि पार्ट एका झटक्यात फुटत नाही. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत थक्क करतो तो हा लेपच. एका पद्धतीत धाग्यांच्या या विणीतली मोकळी जागा भरायला वितळलेलं सिलिकॉन मुरवतात. आपल्या ओतकामवाल्यांना यातली जोखीम लगेच कळेल.

1990 च्या दशकात फ्रान्सच्या एम-88 या लढाऊ विमानाच्या इंजिनाच्या नोझलला अशा धागेवाल्या सिरॅमिकच्या, म्हणजे सिरॅमिक कंपोझिटच्या पाकळ्या बसल्या. त्याच काळात नवं संकट समजलं: ज्वलनातली वाफ सिलिकॉन कार्बाइड हळूहळू खाते. त्यावर वाफरोधक लेप आले. 2016 मध्ये लीप इंजिन प्रवासी विमानात आलं, तेव्हा टर्बाइनच्या पात्यांभोवतीचं कडं याच कंपोझिटचं होतं. वजन धातूच्या साधारण एक तृतीयांश, तापमान सुमारे 1,300 अंश सेल्सिअसपर्यंत.

कंपोझिटचा दुसरा प्रकार अ‍ॅल्युमिनाचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमच्या ऑक्साइडचा, तो एक्झॉस्टकडच्या भागांत वापरतात. अ‍ॅल्युमिना तर आपल्या यमनापूरच्या इंडालमध्ये, म्हणजे आताच्या हिंदाल्कोत, कित्येक वर्षं बनतो. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानांच्या धातूच्या पार्टांचं मशीनिंग चालतं. सिलिकॉन कार्बाइडच्या पार्टावर मात्र तिथलं नेहमीचं कार्बाइड टूल टिकत नाही, हिऱ्याचं व्हील लागतं. बेळगावच्या पोरांनी ते ग्राइंडिंग आत्तापासून शिकावं, असं मला मनापासून वाटतं.