मोफत उपक्रम आणि शाळा सुटल्यानंतरचे तास

शाळा सुटल्यावर मुलांनी करायचं काय, हा प्रश्न शाळांइतका जुना नाही. एकोणिसाव्या शतकात बारा-तेरा वर्षांची गरीब घरची मुलं कारखान्यात नाहीतर शेतावर राबत, त्यांना मोकळी दुपार ठाऊकच नव्हती. अमेरिकेत सक्तीच्या शिक्षणाचा पहिला राज्यस्तरीय कायदा १८५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने केला. देशभर सगळीकडे तशी सक्ती व्हायला १९१८ उजाडलं. बालमजुरीवर केंद्रीय कायद्याने खऱ्या अर्थाने बंधनं आली ती १९३८ मध्ये. किशोरवयीनांच्या वाट्याला रिकामा वेळ आला तो असा, टप्प्याटप्प्याने.

पहिले उपक्रम मात्र कायद्याची वाट बघत बसले नाहीत. १८६० मध्ये कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड शहरात मेरी गुडविन, अ‍ॅलिस गुडविन आणि एलिझाबेथ हॅमर्स्ले या तिघींनी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलग्यांसाठी एक क्लब काढला. अशा क्लबांचा १९०६ मध्ये संघ झाला. मुलींचं नाव त्या संघटनेच्या पाटीवर यायला १९९० साल लागलं, हेही नोंदवायला हवं.

या क्लबांमागे काळजी होती, तशीच भीतीही होती. मुलं बिघडतील, टोळ्या करतील, म्हणून त्यांना कुठेतरी गुंतवा, असा तो विचार. शिकागोत १८८९ मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी सुरू केलेल्या हल हाउस या वस्ती-केंद्राची दृष्टी मला जास्त मोठी वाटते. स्थलांतरित मजुरांच्या वस्तीत त्यांनी चित्रकला, नाटक, संगीत, व्यायामशाळा असं सगळं आणलं. गरिबाच्या मुलाला केवळ शिस्त देऊन भागत नाही, त्याला कलाही मिळाली पाहिजे, ही त्यामागची धारणा होती. शिंपीकाम करणाऱ्या एका स्थलांतरिताचा मुलगा तिथल्या मुलांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. त्याचं नाव बेनी गुडमन. पुढे जॅझच्या जगाने त्याला डोक्यावर घेतलं.

सोव्हिएत संघात हेच काम सरकारने हाती घेतलं. १९३० च्या दशकात तिथे ‘पायोनियर प्रासाद’, म्हणजे मुलांसाठीची सरकारी केंद्रं, उभे राहू लागले. लेनिनग्राडमध्ये तर जुना राजवाडाच १९३७ मध्ये मुलांना देऊन टाकला. बुद्धिबळ, नृत्य, विमानांच्या प्रतिकृती, विज्ञान मंडळं यांची तिथे सोय होती. सोबत कम्युनिस्ट पक्षाची विचारसरणीही पाजली जायची, हे विसरून चालणार नाही. पण बोरिस स्पास्की लेनिनग्राडच्या आणि गॅरी कास्पारोव्ह बाकूच्या अशाच केंद्रात बुद्धिबळ शिकले. दोघेही पुढे जगज्जेते झाले.

अमेरिकेत १९९० च्या दशकात जुनी भीती पुन्हा वर आली. शाळेच्या दिवशी किशोरवयीनांचे गुन्हे दुपारी तीननंतर वाढतात, हे आकडेवारीतून दिसलं आणि सरकारने हात सैल केला. शाळाबाह्य वेळेतल्या केंद्रांसाठी केंद्र सरकारने १९९८ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलर दिले होते. २००२ पर्यंत हा आकडा १०० कोटींच्या घरात गेला. मग झटका बसला. २००३ मध्ये या केंद्रांच्या राष्ट्रीय मूल्यमापनाचे पहिले निष्कर्ष आले. अभ्यासातल्या प्रगतीवर फारसा परिणाम दिसत नव्हता. निधी ६० कोटींवर आणायचा प्रस्ताव पुढे आला, पण संसदेने तो मानला नाही.

त्या वादात एक गोष्ट हरवली असं मला वाटतं. मूल्यमापन प्राथमिक आणि त्यापुढच्या, साधारण सहावी ते आठवीच्या टप्प्यातल्या मुलांचं होतं, त्यांच्याहून मोठ्या मुलांचं नव्हतं. शिवाय बँडमध्ये वाजवणाऱ्या मुलाचा फायदा गणिताच्या गुणांत किती शोधणार? मानसशास्त्रज्ञ रीड लार्सन यांनी २००० मध्येच याहून मोलाचं निरीक्षण मांडलं होतं. वर्गात किशोरवयीनांचं लक्ष असतं, पण मन नसतं. मित्रांसोबत मन रमतं, पण एकाग्रता नसते. स्वतः निवडलेल्या नाटक, खेळ, संगीत अशा उपक्रमांत मात्र दोन्ही एकत्र येतात. पुढाकार घ्यायला मूल शिकतं ते तिथे.

नुसता हॉल उघडून मुलांना बसवल्याने हे घडत नाही. २०१० मध्ये जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी ६९ उपक्रमांचे अभ्यास एकत्र तपासले. टप्प्याटप्प्याने शिकवणारे, मुलांना प्रत्यक्ष करायला लावणारे, कौशल्यासाठी वेळ राखून ठेवणारे आणि काय शिकवायचं हे नेमकं ठरवलेले, अशा उपक्रमांतच आत्मविश्वास, वागणूक आणि अभ्यास या तिन्हींत लक्षणीय फरक दिसला.

‘मोफत’ या शब्दाचं वजन अलीकडे वाढलं आहे. अमेरिकेतल्या सर्वात श्रीमंत पंचमांश कुटुंबांचा मुलांच्या शिकवण्या, छंद, शिबिरं यांवरचा वार्षिक खर्च १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दर मुलामागे सुमारे ३,५०० डॉलर होता. २००६ च्या आसपास तो ८,९०० डॉलरच्या जवळ पोचला. सर्वात गरीब पंचमांशात तो ८०० हून थोडा अधिक होता, तो १,३०० डॉलरपर्यंतच गेला. हे आकडे महागाई वजा करून काढलेले आहेत.

पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला फी माफ करणंही पुरत नाही, कारण संध्याकाळी त्याला कमवायचं असतं किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं. शिकागोत १९९१ मध्ये महापौरांच्या पत्नी मॅगी डेली यांच्या पुढाकाराने ‘गॅलरी ३७’ सुरू झालं, तेव्हा रिकाम्या पडलेल्या एका भूखंडावर किशोरवयीनांना कलाकारांच्या हाताखाली काम शिकायला बोलावलं गेलं आणि त्या कामाचे पैसेही दिले गेले. त्यातून वाढलेली ‘आफ्टर स्कूल मॅटर्स’ ही संस्था आजही मुलांना विद्यावेतन देते.