कारण न सांगितलेला प्रलय: ‘योकोहामा काइदाशी किको’मागची पार्श्वभूमी

मांगाला, म्हणजे जपानी चित्रकथांना, जगबुडी नवी नव्हती. हिरोशिमा-नागासाकीनंतर शहरं कागदावर कितीदा तरी उद्ध्वस्त झाली होती, आणि ऐंशीच्या दशकात राखेतलं तोक्यो हा ओळखीचा देखावा होता. १९९४ साली ‘योकोहामा काइदाशी किको’ ही मांगा मासिकात सुरू झाली तेव्हा शेअर आणि जमिनीच्या भावांचा फुगा फुटून फार दिवस झाले नव्हते. पुढच्याच वर्षी जानेवारीत कोबेचा भूकंप झाला आणि मार्चमध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला. त्या काळात योकोहामाजवळच्या मिउरा द्वीपकल्पावरच्या कॅफेत या मांगाची नायिका, यंत्रमानव आल्फा, कॉफी करत राहिली. गिऱ्हाईक आलं तर आलं.

वाद आहे तो एका निर्णयाचा. समुद्र चढलाय, जुनं योकोहामा पाण्याखाली गेलंय, फुजीचा माथा उडालाय, हे सगळं दिसतं. हे कशामुळे झालं, ते २००६ पर्यंतच्या १४ खंडांत कुठेच सांगितलेलं नाही. काहींना ही पळवाट वाटते. दोष कुणाचा हेच गाळलं की विनाशही देखणा होतो, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप विचार करण्यासारखा आहे, तरी मला तो पटत नाही. कारण सांगितलं असतं तर गोष्ट त्या कारणाचीच झाली असती, आणि योकोहामाहून कॉफीच्या बिया आणायची फेरी, पंपावरच्या आजोबांशी गप्पा ही नुसती सजावट उरली असती. शिवाय नुकसान लपवलेलं नाही. माणसं कमी होत जातात. ताकाहिरो आणि माक्की ही आसपासची मुलं मोठी होऊन निघून जातात, आल्फा मात्र आहे तशीच राहते. वादळात कॅफेसुद्धा मोडतो.

मनाला विसावा देणाऱ्या कथांवरचा ‘इयाशिकेइ’ हा शिक्का रुळला तो नंतर, नव्वदचं दशक सरताना. तो या मांगावर बसला आणि तिच्यातली विज्ञानकथा मागे पडली. २००७ मध्ये जपानचा विज्ञानकथेचा सेइउन पुरस्कार तिला मिळाला, ही नोंद म्हणूनच महत्त्वाची.

जपानबाहेर ती बराच काळ हौशी भाषांतरांतून वाचली गेली. छापील इंग्रजी खंड २०२२ पासून येऊ लागले. नव्या वाचकांपैकी अनेकजण त्या चढलेल्या समुद्रात थेट हवामानबदल वाचतात. तसं वाचता येतं, पण मूळ पानांवर तसं कुठेही लिहिलेलं नाही.